बीडीडी चाळींतील जलसे, कलापथके आणि आठवणी

बीडीडी चाळी हा मुंबईतल्या सरकारी भाडेघरांचा एक मोठा आणि जुना समूह. वरळी, नायगाव, डिलाईल रोड म्हणजे आताचा ना. म. जोशी मार्ग, आणि शिवडी अशा चार ठिकाणी मिळून २०७ इमारती. प्रत्येक इमारत तळमजला अधिक तीन मजल्यांची. मजल्यावर वीस खोल्या, म्हणजे इमारतीत ऐंशी. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामाईक. घरांची ही माहिती सरकारी दप्तरात नीट नोंदलेली आहे. या घरांत आणि इमारतींमधल्या पटांगणांत शंभर वर्षे जे गायले, खेळले आणि सांगितले गेले, त्याचे दप्तर मात्र कोणी ठेवले नाही. ते शाहिरांच्या बाडांत, मंडळांच्या वह्यांत आणि बरेचसे माणसांच्या तोंडी राहिले.

चाळींची मुळे १८९६ च्या प्लेगापर्यंत जातात. प्लेगाने मुंबईतल्या कामगार वस्त्यांची दाटी उघड्यावर आणली आणि १८९८ मध्ये बॉम्बे इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टने दाट वस्त्या पाडल्या भरपूर, नवी घरे बांधली बेताची. त्या घरांना बीआयटी चाळी म्हणतात. परळच्या बीआयटी चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आयुष्यातली वीसहून अधिक वर्षे काढली आणि तिथूनच १९३४ च्या सुमारास ते दादरच्या राजगृहात गेले. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना बरकत आली, पण कामगारांच्या डोक्यावर छप्पर नव्हते. भाडी भडकली, संप वाढले. तेव्हा गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या पुढाकाराने १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट हे खाते निघाले. त्याचीच आद्याक्षरे चाळींना चिकटली. पन्नास हजार खोल्या बांधण्याचा बेत होता आणि खर्चासाठी मुंबईत येणाऱ्या कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला गेला. प्रत्यक्षात सोळा हजारांहून थोड्या अधिक खोल्या झाल्या आणि काम थांबले. याच खात्याकडे बॅकबेचा भराव होता. त्या कामातला गैरकारभार के. एफ. नरिमन यांनी चव्हाट्यावर आणला आणि खात्याची पत गेली ती गेलीच.

इमारती काँक्रीटच्या आणि पक्क्या होत्या, पण राहणाऱ्याचा विचार त्यांत थोडा होता. मजल्याच्या मधोमध अंधारा बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्यांची रांग, अशी रचना. मराठी वाचकाच्या मनातली चाळ म्हणजे पु. ल. देशपांडे यांची ‘बटाट्याची चाळ’. ती खाजगी मालकाची, पांढरपेशांची, आणि कठड्याला रेलून गप्पा मारता येतील अशा सज्जाची. बीडीडी चाळीला असा सज्जा नाही. शेजाऱ्याशी गाठ पडायची ती बोळात, नळावर किंवा खाली पटांगणात. म्हणून इथली कला सज्जात फुलली नाही, पटांगणात फुलली. दोन इमारतींच्या मधल्या मोकळ्या पट्ट्यात फळ्या टाकल्या की रंगमंच तयार. समोर सतरंजीवर प्रेक्षक आणि दोन्ही बाजूंच्या चार-चार मजल्यांच्या खिडक्यांत फुकटची बाल्कनी. ज्या खात्याने ही मोकळी जागा हवा खेळावी म्हणून सोडली, त्याला तिचा असा उपयोग सुचला असण्याची शक्यता कमीच.

पहिली काही वर्षे, विशेषतः वरळीला, खोल्या रिकाम्याच होत्या. गिरण्या लांब, बाजार नाही, भाडे परवडणारे नाही. १९३० च्या कायदेभंगात सत्याग्रहींना ठेवायला तुरुंग अपुरे पडले, तेव्हा वरळीच्या रिकाम्या इमारतींत तात्पुरता तुरुंग उघडण्यात आला. चाळीतली सर्वांत जुनी तोंडी कथा इथून निघते. ‘या चाळी मुळात इंग्रजांनी कैद्यांसाठी बांधल्या’ असे आजही चाळीत सांगतात, वर्तमानपत्रांतही ते छापून येते. ते खरे नाही; चाळी कामगारांसाठीच बांधल्या होत्या. पण जाड भिंती, अंधारा बोळ आणि दोन्हीकडची सारखी दारे पाहणाऱ्याला ही कथा पटते. ती पिढ्यानपिढ्या टिकली याचे कारण बांधकामातच आहे. इतिहास म्हणून ती चुकीची असली तरी राहणाऱ्यांनी आपल्या घराविषयी दिलेला अभिप्राय म्हणून ती ऐकण्याजोगी आहे.

१९३० नंतर चाळी भरू लागल्या त्या गावागावाने. कोकणातल्या एखाद्या गावचे लोक एक खोली घेत आणि तीत पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीचा कामगार उठून गेला की रातपाळीचा त्याच जागी आडवा होई. याला गावकीची खोली म्हणत. जेवणाची सोय खानावळवाल्या बाईकडे. घाटावरचे, नगर-नाशिककडचे, साताऱ्या-सांगलीकडचे लोक आपापल्या नातलगांच्या आधाराने आले. जातीचेही वाटे पडले. अमुक चाळी मराठ्यांच्या, अमुक बौद्धांच्या (तेव्हाच्या महारांच्या), अमुक कोकणातल्या कुळवाड्यांच्या, अशी ओळख रूढ झाली ती कायमची. दिवसभर कामावर आणि रात्री झोपायला जागा नाही अशी माणसे संध्याकाळी पटांगणातच असणार. गावाहून येताना त्यांनी ढोलकी, टाळ, मृदंग आणि पाठ असलेली गाणी आणली होती. कार्यक्रमाला लागणारी माणसे, वेळ आणि जागा आयतीच जमली होती.

पहिला मोठा प्रवाह आंबेडकरी जलशांचा. जलसा हा प्रकार सत्यशोधक चळवळीने तमाशाच्या घाटातून घडवला होता. गण, गवळण, बतावणी, वग हा सांगाडा तोच, पण गणपतीच्या जागी सुधारकाला वंदन आणि वगात भटजी-सावकारांची फजिती. १९३० च्या दशकात आंबेडकरी चळवळीतल्या तरुणांनी हा घाट उचलला. नाशिक जिल्ह्यातले भीमराव कर्डक हे यांतले अग्रणी. त्यांच्या मंडळीने मुंबईच्या कामगार वस्त्यांत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत जलसे केले. सामान थोडके: ढोलकी, तुणतुणे, झांज, कधी पेटी, आणि बायकांची कामे करणारे पुरुष. विषय मात्र रोजचे. पाणवठ्यावरची बंदी, मेलेले ढोर ओढायचे की नाही, मुलांना शाळेत घालणे, दारू, देवाला सोडलेल्या मुली. सभेत तास-दोन तास बसून भाषण ऐकणे दमलेल्या कामगाराला जड जाई. वगात तोच मुद्दा विनोदाच्या अंगाने येई आणि घरी जाताना तोंडात गाणे राही. परळचे दामोदर सभागृह ही या हालचालींची जवळची जागा. सोशल सर्व्हिस लीगच्या त्या वास्तूत १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभेची कचेरी थाटली गेली होती. पुढे १९७८ मध्ये कर्डकांनी आंबेडकरी जलशांवर स्वतः पुस्तक लिहिले. ते लिहिले नसते तर या कलेचे स्वरूप आज सांगता आले नसते, कारण वग बहुधा लिहीत नसत. कथानकाचा आराखडा ठरलेला असे आणि संवाद नट जागेवर रचत.

जलशांनी केवळ प्रेक्षक घडवले नाहीत, कवीही घडवले. वामनदादा कर्डक हे याचे ठळक उदाहरण. सिन्नरजवळच्या देशवंडीत १९२२ मध्ये जन्मलेले वामनदादा मुंबईत येऊन शिवडीच्या बीडीडी चाळीत राहिले, पडेल ते काम केले. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. एकाने वाचायला दिलेले पत्र वाचता न आल्याची लाज त्यांना इतकी लागली की ऐन तारुण्यात ते चाळीतच मुळाक्षरे शिकले, असे ते सांगत. १९४३ मध्ये त्यांनी पहिले गाणे रचले आणि पुढची साठ वर्षे ते रचत राहिले. गावोगावच्या जयंत्यांत आज जी भीमगीते म्हटली जातात, त्यांतली फार मोठी संख्या त्यांची आहे. शाहीर विठ्ठल उमप यांचा जन्म १९३१ चा, नायगावचा. भीमगीतांपासून ‘जांभूळ आख्याना’पर्यंतचा त्यांचा पल्ला याच कामगार मुलखातल्या भजन, गोंधळ, भारूड आणि कव्वालीच्या मिश्रणातून आला.

दुसरा प्रवाह लाल बावट्याचा, म्हणजे कम्युनिस्ट कामगार चळवळीचा. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊ माटुंग्याच्या लेबर कॅम्पात राहिलेले आणि पुढे घाटकोपरच्या चिराग नगरातल्या झोपडीत राहणारे. बीडीडी चाळी त्यांच्या पथकाच्या फिरतीवर होत्या, कारण गिरणी कामगारांची युनियन तिथे होती. डफ, तुणतुणे, ढोलकी आणि अमर शेखांचा बुलंद आवाज एवढ्यावर मैदान भरे. घराचा प्रश्न गाण्यात थेट आणला तो याच परंपरेने. तमाशातले शाहीर पठ्ठे बापूराव यांच्या लावणीत मुंबई नवलाईची नगरी म्हणून येते. अण्णाभाऊंनी मुंबईवर लावणी लिहिली ती त्या चित्राला उत्तर म्हणून, आणि तीत मलबार हिल व परळ समोरासमोर उभे केले. कोण कुठे आणि कसल्या घरात राहतो हेच शहराचे खरे वर्णन, असे ती लावणी म्हणते.

याच सुमारास मुंबई सरकारने तमाशावर बंदी आणली. पथकांनी त्यावर सोपा तोडगा काढला. खेळ तोच ठेवून त्याला लोकनाट्य म्हटले, काही वगांचे पोवाडे केले. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात, १९५६ ते १९६० या वर्षांत, ही पथके जोरात होती. शाहीर आत्माराम पाटील आणि अमर शेख यांचे पोवाडे परळ-लालबाग-वरळीच्या मैदानांत रात्ररात्र चालत. राजकीय पक्षांनी पुढे शाहिरांना सभेआधी गर्दी जमवणारा माणूस एवढ्यावर आणून ठेवले, हे मराठी शाहिरीचे नुकसान आहे. चाळीच्या पटांगणात शाहीर हाच मुख्य कार्यक्रम असे आणि पुढारी नंतर बोले.

चळवळींच्या बाहेरचा, पण संख्येने सर्वांत मोठा असा तिसरा प्रवाह मंडळांचा. चाळीचे गणेशोत्सव मंडळ, गावाचे मुंबई मंडळ, भजनी मंडळ, क्रीडा मंडळ. चाकरमान्यांनी कोकणातून नमन-खेळे, जाखडी आणि शक्ती-तुरा आणला. शक्ती-तुऱ्यात दोन पक्ष समोरासमोर बसतात. एक शक्तीची बाजू मांडतो, दुसरा शिवाची. एकाने गाण्यातून कोडे घालायचे आणि दुसऱ्याने गाण्यातूनच सोडवायचे. उत्तर चुकले की खिडक्यांतून शिट्ट्या. शाहिराला पुराणकथा मुखोद्गत हव्यात आणि प्रतिपक्षाचा पाणउतारा करण्याची जीभही हवी. दामोदर सभागृह पुढे या कोकणी खेळांचे माहेरघर झाले. तिथे तिकीट लावून नमनाचा प्रयोग करायचा आणि जमलेल्या पैशातून गावचे देऊळ किंवा शाळेचे छप्पर दुरुस्त करायचे, ही रीत अनेक दशके चालली. म्हणजे मुंबईच्या सरकारी खोलीत राहणारा माणूस गावाच्या घरासाठी खेळ करत होता. त्याचे मन दोन ठिकाणी होते आणि त्याच्या कलेचा पैसाही.

चाळीतल्या कार्यक्रमाचे अर्थकारण साधे असे. पावती-पुस्तक घेऊन दोन मुले खोलीखोलीने फिरत. वर्गणी देणाऱ्याचे नाव फळ्यावर लागे. सार्वजनिक सत्यनारायणाची पूजा झाली की रात्री नाटक, नाहीतर पडदा लावून सिनेमा. नाटक बसवणारा बहुधा गिरणीतलाच, तालीम एखाद्या मोकळ्या खोलीत किंवा गच्चीवर. पडदे भाड्याने येत आणि नायिका बाहेरून ‘नाइट’ ठरवून आणावी लागे. बाकी नट चाळीचेच. भूमिका कोणाला मिळाली आणि कोणाला नाही यावरून अबोले धरले जात. नाटक पडले तरी प्रेक्षक उठत नसत, कारण त्यांचे घर तिथेच होते.

सरकारने स्वतः चालवलेला कार्यक्रम म्हणावा असा एकच, कामगार कल्याणाचा. मुंबई प्रांतात कामगार कल्याण केंद्रे १९३९ पासून सुरू झाली आणि १९५३ च्या कायद्याने कामगार कल्याण मंडळाकडे ती आली. केंद्रात वाचनालय, व्यायामशाळा, शिवणवर्ग. त्याबरोबरच नाट्य, भजन आणि समरगीतांच्या स्पर्धा. नायगावसारख्या ठिकाणी चाळींच्या शेजारी ललित कला भवन उभे राहिले. गिरणीत साचा चालवणाऱ्या माणसाला प्रकाशयोजना, नेपथ्य आणि परीक्षकांचे शेरे यांची ओळख या स्पर्धांनी करून दिली. मराठी व्यावसायिक रंगभूमीला त्यातून नट आणि तंत्रज्ञ मिळाले. १९५४ पासूनच्या राज्य नाट्य स्पर्धेलाही या हौशी मंडळींचा पुरवठा झाला. पण स्पर्धेने खेळाचा घाटही बदलला. रात्रभराचा वग ठरलेल्या वेळात बसवावा लागला. संहिता आधी लिहून परिनिरीक्षण मंडळाकडे मंजुरीला पाठवणे भाग पडले. जागेवर संवाद रचणाऱ्या सोंगाड्याची सद्दी तिथे संपली. जे लिहिले गेले ते टिकले, हा फायदा खराच; पण प्रेक्षकांतून आलेल्या शेऱ्याला रंगमंचावरून उत्तर देण्याची सोय त्या व्यवहारात गेली.

वरळीच्या चाळींचे नाव देशभर झाले ते मात्र दंगलीमुळे. ५ जानेवारी १९७४ रोजी चाळींमधल्या आंबेडकर मैदानावर दलित पँथर या दलित तरुणांच्या संघटनेची सभा होती. मध्य दक्षिण मुंबईच्या लोकसभा पोटनिवडणुकीवर बहिष्कार घालण्याची हाक पँथरने दिली होती. सभेवर दगडफेक झाली, लाठीमार झाला आणि सवर्ण आणि बौद्ध चाळींमध्ये दंगल पेटली. १० जानेवारीला परळमधल्या मोर्चावर वरून टाकलेल्या पाट्याने भागवत जाधव हा पँथर कार्यकर्ता ठार झाला. दंगल थांबत-पेटत काही महिने चालली आणि न्यायमूर्ती भस्मे यांचा चौकशी आयोग नेमला गेला. पँथरचे एक संस्थापक राजा ढाले याच वरळीच्या चाळीत वाढलेले. ‘येरू’ आणि ‘विद्रोह’सारखी अनियतकालिके काढणारे ढाले आणि ‘गोलपिठा’चे नामदेव ढसाळ हे पुढारी आधी लेखक होते. त्यामुळे पँथरची सभा आणि कविसंमेलन यांत फार अंतर नसे. दंगलीनंतर चाळींतल्या जातवार सीमा अधिक पक्क्या झाल्या. ज्या मैदानावर पूर्वी दोन्हीकडचे लोक एकत्र खेळ पाहत, तिथे कोणाचा मंडप कोणत्या तारखेला पडणार हे ठरवायला पोलीस लागू लागले. चाळीच्या सामुदायिक जीवनाची गोडगोड वर्णने लिहिणारे हे पान वगळतात.

आंबेडकर जयंतीचा कार्यक्रम या काळात मोठा झाला. १४ एप्रिलच्या आठवड्यात मिरवणूक, देखावे, आणि रात्री कव्वालीचा सामना. दोन पार्ट्या, समोरासमोर दोन मंच, पहाटेपर्यंत सवाल-जवाब. आवडलेल्या ओळीला श्रोता उठून मंचापर्यंत जातो, नोट पुढे करतो. गायक त्याचे नाव आणि चाळ क्रमांक ध्वनिक्षेपकावरून पुकारतो आणि तीच ओळ पुन्हा घेतो. प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांनी या मंचावरून नाव कमावले. १९८० च्या दशकात कॅसेट आली आणि चाळीच्या मंडपातले गाणे मराठवाड्यातल्या खेड्यात पोचायला वर्ष लागेना.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. गिरण्या मात्र बंद पडत गेल्या. चाळींच्या कलाजीवनावर याचा परिणाम सावकाश आणि खोल झाला. वर्गणी आटली, तालमीला येणारे हात रिक्षा, सुरक्षारक्षक आणि भाजीच्या गाड्यांकडे वळले, गावकीच्या खोल्यांतले बरेच लोक गावी परतले. मंडळे उरली, पण पैसा वर्गणीऐवजी नगरसेवकाकडून किंवा जाहिरातदाराकडून येऊ लागला. मंडपाच्या कमानीवर त्याचा चेहरा आला.

इथवर एक गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. साठ वर्षे चाळीत इतकी कला झाली, पण ‘खोली’ हा त्या कलेचा विषय क्वचितच होता. जलसा जातीवर होता, पोवाडा राज्यावर आणि भांडवलावर, नमन पुराणावर, कव्वाली बाबासाहेबांवर. दहा बाय सोळाच्या जागेत सासू, सून, दीर आणि दोन पाहुणे कसे राहतात, पहाटे नळावर कोण किती वाजता उठते, संडासाच्या रांगेत बायकांची काय गत होते, हे मंचावर आले नाही. एक कारण उघड आहे: मंचावर आणि मंडळाच्या कार्यकारिणीत पुरुष होते, आणि खोलीचा प्रपंच बायका चालवत. शिवाय जे सर्वांना रोजच दिसते ते दाखवायला कोणी वर्गणी देत नाही. खोली नाटकात आली, पण ती हातची जाण्याची वेळ आली तेव्हा.

जयंत पवार यांचे ‘अधांतर’ १९९७ मध्ये रंगमंचावर आले. गिरणगावातल्या एका खोलीत आई, तीन मुलगे आणि मुलगी. संपानंतर घराला आलेली बेकारी, एक मुलगा गुंडगिरीत गेलेला, एक लेखक होऊ पाहणारा. संपूर्ण नाटक त्या खोलीबाहेर जात नाही आणि तरी बंद गिरणी प्रत्येक प्रवेशात आहे. व्यावसायिक नाट्यगृहात हे नाटक पाहायला आलेल्या कामगार कुटुंबांना ते ओळखीचे वाटले, यात नवल नाही. याच नाटकावर २०१० मध्ये महेश मांजरेकर यांचा ‘लालबाग परळ’ हा चित्रपट निघाला. तो अधिक लोकांनी पाहिला. पण नाटकातला संयम त्यात राहिला नाही.

आठवणी नोंदवण्याचे पद्धतशीर काम याच काळात सुरू झाले. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक १९८९ चे. आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांना गाठून, त्यांच्या घरी बसून घेतलेल्या मुलाखती हा त्याचा गाभा. जलशाच्या मंचावर जागा न मिळालेल्या बायका सभेच्या, मोर्चाच्या आणि तुरुंगाच्या आठवणी तिथे स्वतःच्या शब्दांत सांगतात. वास्तुरचनाकार नीरा आडारकर आणि पत्रकार-कार्यकर्त्या मीना मेनन यांनी गिरणगावातल्या कामगारांच्या, खानावळवाल्या बायकांच्या, शाहिरांच्या आणि युनियनच्या माणसांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचा इंग्रजी ग्रंथ २००४ मध्ये आला आणि पुढे ‘कथा मुंबईच्या गिरणगावाची’ या नावाने मराठीत आला. आडारकर यांनी २०११ मध्ये मुंबईच्या चाळींवरचा लेखसंग्रहही संपादित केला. या मुलाखतींतून पुन्हा नाटक निघाले. रामू रामनाथन यांनी लिहिलेले आणि सुनील शानबाग यांनी दिग्दर्शित केलेले ‘कॉटन ५६, पॉलिएस्टर ८४’ हे २००६ चे नाटक दोन बेकार गिरणी कामगारांच्या गप्पांवर उभे आहे आणि त्यात गिरणगावच्या शाहिरांची गाणी वापरली आहेत.

या कामात आणि जुन्या जलशात एक फरक आहे. जलसा राहणाऱ्यांनी राहणाऱ्यांसाठी केला. मुलाखत बहुधा बाहेरच्या माणसाने, बाहेरच्या वाचकासाठी घेतली. म्हणून ती कमी प्रतीची ठरत नाही. बोळातल्या रोजच्या जगण्याविषयी विचारणारे पहिले लोक हेच होते, आणि विचारले म्हणून सांगितले गेले. पण पुस्तकाची किंमत आणि भाषा पाहता ज्यांनी आठवणी सांगितल्या त्यांच्या हाती ती फार उशिरा पडली, ही उणीव मान्य करायला हवी. मुंबई महापालिकेने काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत वस्त्रोद्योग संग्रहालयाचे काम हाती घेतले आहे. त्यात साचे आणि चाती असतील. वगाच्या वह्या, मंडळांचे हिशेब, जयंतीच्या पत्रिका आणि घरगुती कॅसेटी यांनाही तिथे जागा द्यायला हवी.

चाळींचा पुनर्विकास म्हाडाकडे आहे. २२ एप्रिल २०१७ रोजी वरळीच्या जांबोरी मैदानावर भूमिपूजन झाले, ऑगस्ट २०२१ मध्ये कामाचा पुन्हा प्रारंभ झाला. १६० चौरस फुटांच्या खोलीच्या बदल्यात ५०० चौरस फुटांचे मालकीचे घर, असा करार. नव्या वसाहतींना वरळीला बाळासाहेब ठाकरे, ना. म. जोशी मार्गावर राजीव गांधी आणि नायगावला शरद पवार यांची नावे देण्याचे सरकारने ठरवले. चाळींत गाणे रचणाऱ्या किंवा नाटक बसवणाऱ्या कोणाचे नाव या तिन्हींत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या पहिल्या ५५६ कुटुंबांना चाळीस मजली इमारतींतल्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. शिवडीच्या बारा चाळी बंदर प्राधिकरणाच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या, जमिनीवर असल्यामुळे बाकीच्या तीन ठिकाणांबरोबर त्यांचा पुनर्विकास सुरू झाला नाही.